वाटाण्याचे दोन चित्रपट

दादासाहेब फाळके यांनीं ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट १९१३ सालीं मुंबईस दाखविला, हें बहुतेक विद्यार्थ्यांस ठाऊक असतें. त्याच्या आदल्या वर्षीं त्यांनीं एक अगदीं लहान चित्रपट केला होता. तो मात्र फारसा कोणाच्या वाचनांत येत नाहीं. ख्रिस्तचरित्रावरील एक परदेशी चित्रपट मुंबईंत पाहून, आपल्या देशांतील कथाही अशाच पडद्यावर याव्यात, अशी उत्कंठा त्यांस लागली. विलायतेस जाऊन त्यांनीं कॅमेरा आणला. परंतु पुढचें भांडवल कोण देणार? तेव्हां त्यांनीं एका कुंडींत वाटाणे पेरले, कुंडीसमोर कॅमेरा उभा केला आणि महिन्याहून अधिक काळ रोपाच्या वाढीचीं चित्रें थोडथोडीं टिपून घेतलीं. तीं सलग चालवितांच बी रुजून वेल वर चढतांना दिसूं लागली. तें पाहून द्रव्य देणारांचा विश्वास बसला.

आज संगणकावर ‘वाटाण्याचें बी रुजून त्याची वेल वाढतांना दाखव’ एवढें वाक्य लिहिलें कीं कांहीं मिनिटांत तसें चलच्चित्र तयार होतें. कुंडी नको, कॅमेरा नको, पाणी घालणें नको. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या या शाखेचे प्रारंभींचे नमुने मेटा व गूगल या कंपन्यांनीं २०२२ च्या उत्तरार्धांत दाखविले. फेब्रुवारी २०२४ मध्यें ओपनएआय या अमेरिकन संस्थेनें ‘सोरा’ नांवाच्या साधनाचीं एक मिनिटापर्यंतचीं चित्रें जगापुढें मांडलीं. आणि मे २०२५ मध्यें गूगलच्या ‘व्हीओ ३’ नें चित्राबरोबर आवाजही निर्माण करून दाखविला. ‘राजा हरिश्चंद्रा’पासून १९३१ च्या ‘आलम आरा’ या बोलपटापर्यंत येण्यास आपल्याकडे अठरा वर्षें लागलीं होतीं. येथें तीन वर्षेंही पुरलीं.

हें घडतें कसें? पूर्वी दूरचित्रवाणीचें केंद्र नीट न लागल्यास पडद्यावर काळ्यापांढऱ्या मुंग्या वळवळत, हें पालकांस आठवत असेल. यंत्राचें शिक्षण त्या मुंग्यांपासूनच सुरू होतें. ज्यांचें वर्णन शब्दांत लिहिलेलें आहे अशीं असंख्य चलच्चित्रें त्यास पुरविलीं जातात. त्यांवर थोड्याथोड्या मुंग्या मिसळून तीं बिघडवितात, आणि बिघडलेल्या चित्रांतून मूळचें चित्र हुडकून काढण्याचा सराव यंत्राकडून करवून घेतात. सराव पुरेसा झाला म्हणजे त्याच्यापुढें नुसत्या मुंग्याच ठेवावयाच्या व सोबत आपलें वाक्य द्यावयाचें. त्या वाक्यास अनुसरून तें पायरीपायरीनें मुंग्या दूर करीत जातें आणि शेवटीं पूर्वी कोठेंही नव्हतें असें चित्र उरतें. चलच्चित्रांत सेकंदास साधारणतः चोवीस चित्रें लागतात. तीं एकेक निरनिराळीं काढलीं तर माणसाच्या सदऱ्याचा रंग क्षणोक्षणीं पालटेल. म्हणून यंत्र साऱ्या मालिकेचा एकत्र विचार करितें. ‘विचार’ हा शब्द केवळ सोयीसाठीं वापरला आहे. अशा वाक्यास कोणतें दृश्य बहुधा शोभेल, एवढेंच तें वस्तुतः ठरवितें.

या ‘बहुधा’पाशीं विद्यार्थ्यांनीं थोडें थांबावें. सोरा प्रथम दाखवितांना ओपनएआयनें स्वतःच कळविलें होतें कीं, यांतील माणूस बिस्किटाचा घांस घेईल, परंतु बिस्किटावर त्याची खूण उमटेलच असें नाहीं. डाव्याउजव्याचाही घोटाळा होईल. पुढचीं साधनें पुष्कळ सुधारलीं आहेत. तथापि जेथें चूक सुंदर दिसते तेथें ती सांपडणें कठीण. आमच्या वर्गांतील एका गटानें विज्ञानप्रदर्शनासाठीं असेंच वाटाण्याचें चलच्चित्र करवून आणलें होतें. माती ओलसर, ऊन कोंवळें, अंकुर डौलदार. वर्ग खूष झाला. त्यांत अंकुराबरोबर बियांचीं दोन जाड दळें मातीबाहेर येऊन पानांसारखीं उघडत होतीं. मूग असा उगवतो, श्रावणघेवडाही असाच उगवतो. वाटाणा तसा उगवत नाहीं. त्याचीं दळें जमिनींतच राहून कोंबास अन्न पुरवितात, आणि वर येतो तो आंकड्यासारखा वांकलेला नुसता कोंब. हरभऱ्याचेंही तसेंच. ही चूक वर्गांत एकाच मुलीच्या ध्यानांत आली, कारण तिच्या घरीं परसांत वाटाणा लावतात. ज्यांस धडा तोंडपाठ होता त्यांच्या ती ध्यानांत आली नाहीं.

मग तिच्या सांगण्यावरून गटानें सूचना नव्यानें लिहिली : दळें मातीखालीं राहावींत, कोंब वांकून वर यावा व मग सरळ व्हावा. तिसऱ्या खेपेस चित्र बरोबर आलें. यंत्राकडून बरोबर उत्तर काढण्यासाठीं तें आधीं आपल्यास ठाऊक असावें लागलें, ही गंमत मुलांच्या लक्षांत आली.

सुधारलेलें तें चित्रही फाळक्यांच्या चित्रपटाच्या जागीं बसत नाहीं. त्यांचा वाटाणा एका विशिष्ट कुंडींत, विशिष्ट दिवसांत खरोखर उगवला होता. कोंब किडका निघता तर पडद्यावरही किडकाच दिसता, मग फाळक्यांस तो आवडो वा न आवडो. यंत्राचा वाटाणा कोणत्याच कुंडींत उगवला नाहीं. एक चित्र साक्षीदाराचें आहे, दुसरें चित्रकाराचें.

चित्रकार असणें हा कांहीं दोष नव्हे. फाळके स्वतः कॅमेऱ्याच्या युक्त्यांत निष्णात होते. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्यें राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटानें केल्या. प्रेक्षकांनीं भक्तीनें हात जोडले असतील, पण काल लंका जळाली, अशी बातमी घेऊन कोणी घरीं गेला नाहीं. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या थरांवर थर सांचून आपल्या सह्याद्रीचा काळा पत्थर बनला. तें पाहण्यास मनुष्यच नव्हता. त्याचें चलच्चित्र यंत्राकडून करवून, खालीं ‘कल्पनाचित्र’ असें स्पष्ट लिहून वर्गास दाखविणें हा या साधनाचा उत्तम उपयोग होय, आणि आम्ही तो करितों.

भय वाटतें तें चित्रकारानें साक्षीदाराचा वेष घेतल्यास. एखाद्याचा चेहरा व आवाज घेऊन, तो कधींच न बोललेले शब्द त्याच्या तोंडीं घालणें आतां शाळकरी मुलासही अशक्य राहिलेलें नाहीं. करणारा त्यास थट्टा म्हणतो. ज्या मुलीचें चित्र मोबाइलवरून गांवभर फिरतें ती दुसऱ्या दिवशीं शाळेंत पाऊल टाकूं शकत नाहीं. दहा आज्ञांपैकीं खोट्या साक्षीविषयींची आज्ञा जिभेपुरतीच आहे असें कोणी समजूं नये. गूगल आपल्या साधनांच्या चित्रांत डोळ्यांस न दिसणारी खूण घालतें. परंतु खूण आढळली नाहीं एवढ्यावरून चित्र खरें ठरत नाहीं. पालकांनीं हेंही ध्यानांत ठेवावें कीं, नातेवाइकाचा चेहरा व आवाज दाखवून कोणी तांतडीनें पैसे मागितले, तर आपल्याजवळ पूर्वीपासून असलेल्या त्याच्या क्रमांकावर स्वतः फोन करावा, आणि तोंवर एक पैसाही पाठवूं नये.

येत्या नाताळच्या सुट्टींत ज्यांस फाळक्यांचा प्रयोग करून पाहावयाचा असेल त्यांनीं चार वाटाणे व चार मूग रात्रभर भिजवून एकाच कुंडींत पेरावेत. मोबाइल डब्यास टेकवावा व दोहोंची जागा खडूनें आंखून ठेवावी. दिवसास एकच चित्र घेतल्यास महिन्याचीं तीस चित्रें सव्वा सेकंदांत संपतील. म्हणून उजेड आहे तोंपर्यंत दर तासास एक, अशीं रोज बारा तरी घ्यावींत. दहा दिवसांत एकशें वीस चित्रें, म्हणजे पांच सेकंदांचा चित्रपट होईल. मुगाचीं दळें वर आलेलीं व वाटाण्याचीं मातींतच राहिलेलीं त्यांत दिसतील. रोपें खिडकीच्या उजेडाकडे कलूं लागलीं तरी कुंडी फिरवूं नये. फिरविल्यास चित्रपटांत तीं सर्व एकाएकीं मान वळवितांना दिसतील.