फुगलेला कपॅसिटर

प्रश्न : आमच्या वर्कशॉपच्या वीजबिलात पॉवर फॅक्टर घसरलाय. पॅनलमधला एक कपॅसिटर वरून फुगलेला दिसतो. मेन बंद करून टर्मिनल कसून बघू का?

उत्तर : मेन बंद केला म्हणून लगेच हात घालू नका. पुरवठा तुटल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. आतल्या डिस्चार्ज रेझिस्टरने तो साधारण ३ मिनिटांत ७५ व्होल्टच्या खाली यायला हवा. पण रेझिस्टरच जळाला असेल तर? म्हणून आयसोलेटरला कुलूप लावा, निदान ५ मिनिटं थांबा, मीटरने प्रत्येक जोडी आणि अर्थ तपासा. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी काढणारे ‘अनुभवी’ हात पॅनलपासून लांबच ठेवा.

फुगलेला डबा कसून उपयोग नाही, तो बदलाच.

उरलेल्यांसाठी परवानाधारक वायरमनकडून चालू स्थितीत टाँग टेस्टर लावून घ्या. ४४० व्होल्टच्या २५ केव्हीएआर युनिटने ४१५ व्होल्टवर प्रत्येक फेजला सुमारे ३१ अँपिअर घ्यायला हवेत. एखादा फेज बराच कमी दाखवत असेल तर आतला भाग गेला. तिन्ही जास्त दाखवत असतील तर व्होल्टेज वाढलंय किंवा हार्मोनिक्स आहेत. व्हीएफडी बसवलेत का? तसं असेल तर नुसता नवा कपॅसिटर टाकू नका, तोही फुगेल.