खारदांड्यातील चैत्र-वैशाख आणि घरगुती मुखलेप

ऋतुचर्येचा अध्याय आपण सर्वांनी विद्यार्थिदशेतच मुखोद्गत केलेला असतो. परंतु रुग्णाच्या घरी स्वयंपाकघरात, सुट्टी लागलेल्या मुलांच्या गलबल्यात तो अध्याय कसा उतरवावा, याचे शिक्षण मात्र व्यवसायातच मिळते. प्रस्तुत लेखाचा विषय त्यामुळे मर्यादित ठेवला आहे. उन्हाळ्याच्या आरंभी घरची मंडळी एकत्र बसून त्वचेसाठी जे लेप तयार करतात, त्यांना शास्त्राची शिस्त कशी लावावी, एवढाच तो आहे. उदाहरणासाठी आम्ही आमच्या परिचयाचा खारदांड्याचा कोळीवाडा घेतला आहे.

चैत्र-वैशाखात या वस्तीची लगबग वाढते. 1 जूनपासून मासेमारी बंद होते. तत्पूर्वी पावसाळ्याच्या बेगमीची सुकी मासळी तयार व्हावी लागते. सकाळी बाजारात पाटी घेऊन बसणारी स्त्री दुपारी उन्हात मासळी परतत असते. चेहरा, मान, हात यांवर ऊन, खारा वारा आणि घाम यांचा एकत्रित मारा होतो. संध्याकाळी नाती आजीच्या हातांना काहीतरी लावू पाहतात, आजी नातींच्या घामोळ्यांवर ताडगोळ्याची साल चोळते. हा आनंदाचा भाग आहे आणि वैद्याने तो हिरावून घेऊ नये.

प्रथम प्रश्न ऋतूचा. चैत्र-वैशाख हा पंचांगाने वसंत. परंतु मुंबईच्या किनाऱ्यावर वैशाखात ग्रीष्माचीच लक्षणे दिसतात, आणि ज्येष्ठात तर पाऊस येऊन ठेपतो. शिवाय हा देश आनूप. ग्रीष्माची जी रूक्षता ग्रंथांत वर्णिली आहे, ती येथे निखळ स्वरूपात आढळत नाही. दाह असतो, पण क्लेदही असतो. म्हणून कोरड्या प्रदेशात हितकर ठरणारे साय-लोण्याचे जाड लेप येथे घामोळ्या व पिटिका वाढवितात, असा आमचा अनुभव आहे.

वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात, 22व्या अध्यायात, सहा ऋतूंचे सहा मुखलेप दिले आहेत. वसंतासाठी दर्भमूळ, चंदन, वाळा, शिरीष, बडीशेप व तांदूळ. ग्रीष्मासाठी कुमुद, उत्पल, कल्हार, दूर्वा, ज्येष्ठमध व चंदन. वर्षभर एकच मुलतानी माती लावणाऱ्या आजच्या घरांना ही यादी दाखवावी. ती ऐकून स्त्रियांना कुतूहल वाटते, हे आम्ही पाहिले आहे. सर्व द्रव्ये घरोघरी मिळणार नाहीत. चैत्रात भिजवून गंधासारखा बारीक वाटलेला तांदूळ 2 चमचे, वाळ्याचे वस्त्रगाळ चूर्ण 1 चमचा व सहाणेवर उगाळलेले थोडे चंदन. वैशाखात तांदूळ कमी करून ज्येष्ठमधाचे चूर्ण व दूर्वांचा रस, एवढ्यावर भागते. चंदन महाग आहे आणि भेसळीचेही फार. खात्रीचे खोड नसेल तर ते वगळावे, वाळा पुरेसा आहे. दूर्वा मात्र गटाराकाठच्या किंवा रस्त्याकडेच्या घेऊ नयेत. नव्या द्रव्याचा लेप आधी कोपराच्या आतील बाजूस लावून एक दिवस पाहावा.

द्रव्यांपेक्षाही विधी अधिक महत्त्वाचा, आणि नेमका तोच घराघरांतून सुटलेला आहे. लेप वाळून चेहरा ताणला गेला, भेगा पडल्या, की 'आता काम झाले' असे समजले जाते. शास्त्राचे मत याच्या अगदी उलट आहे. वाग्भटांच्या मते मुखलेप ओला असेपर्यंतच ठेवावयाचा; वाळलेला लेप त्वचेची कांती बिघडवितो. काढतानाही तो पाण्याने भिजवून काढावा आणि नंतर तेलाचा हात लावावा. जाडी पाव, एक तृतीयांश किंवा अर्धा अंगुळ. म्हणजे कनिष्ठ प्रमाणही सुमारे अर्धा सेंटीमीटर भरते. आपल्याकडे लावला जाणारा पातळ थर पंख्याखाली पाच मिनिटांत सुकतो, यात नवल नाही.

सुश्रुताचार्यांचे सूत्रस्थानातील 18व्या अध्यायातील नियम याला जोडून सांगावेत. शिळा लेप लावू नये, एकदा काढलेला पुन्हा वापरू नये, एका लेपावर दुसरा चढवू नये, रात्री लेप करू नये. किनाऱ्याच्या दमट हवेत ओल्या वाटणाला किती लवकर वास येतो, हे कोळीवाड्यात वेगळे सांगावे लागत नाही. उरलेला लेप डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवण्याची चाल अलीकडे आली आहे, ती मोडावी. कोरडे चूर्ण बरणीत राहू द्यावे आणि कालवावे तेवढे एका वेळेपुरते.

मुखलेप असताना दिवसा झोप, फार बोलणे, अग्नी, ऊन, शोक व क्रोध वर्ज्य सांगितले आहेत. चार मुली आणि एक आजी एकत्र बसल्यावर बोलणे वर्ज्य कसे करावे, हा प्रश्न वाग्भटांना पडला नसावा! आम्ही तोडगा काढला आहे तो असा: गप्पा मारत आधी हातापायांचे लेप करावेत, चेहऱ्याचा शेवटी आणि थोडा वेळच. उन्हातून आल्याबरोबर मात्र काहीच थंड लावू नये. उन्हाने व श्रमाने तापलेल्या माणसाने एकदम थंड पाण्याचा उपयोग करणे हे चरकाचार्यांनी कुष्ठाच्या हेतूंत गणले आहे. घाम निवावा, अंग शांत व्हावे, मग लेप.

लिंबाविषयी स्वतंत्र लिहिणे आवश्यक वाटते. खारदांड्यातील एका घरी लग्न ठरलेल्या मुलीने बेसनात लिंबू पिळून चेहऱ्यास व मानेस लावले, धुतले आणि ती आईच्या मदतीला उन्हात गेली. दोन दिवसांनी लाली व फोड, आणि त्यानंतर काळसर डाग. लिंबाच्या रसातील काही घटक त्वचेवर असताना ऊन लागले की असा दाह होतो, हे आधुनिक त्वचारोगशास्त्रातही नोंदलेले आहे. डाग फिके होण्यास काही महिने लागले. मुहूर्त तोपर्यंत थांबणारा नव्हता. मुलांच्या ओठांभोवती उन्हाळ्यात दिसणारे चट्टेही पुष्कळदा कैरीच्या चिकाचे असतात. कैरी देठ काढून, चीक गळू देऊन, पाण्यात टाकल्यावरच त्यांच्या हाती द्यावी.

त्या मुलीला लिंबू का लावावेसे वाटले, हेही वैद्याने विचारले पाहिजे. 'वर्ण्य' या शब्दाचा अर्थ 'गोरे करणारे' असा बाजाराने रूढ केला. आपल्या शास्त्रात गौर, श्याम, कृष्ण हे सर्वच प्राकृत वर्ण आहेत. वर्ण्य द्रव्य त्या त्या वर्णाला प्रसन्न करते. ही गोष्ट मुलीच्या आईसमोर व सासूसमोर स्पष्ट बोलावी. अन्यथा घरगुती लेपाने 'गुण येत नाही' म्हणून हीच मुलगी स्टेरॉइड असलेले मलम चिठ्ठीवाचून आणते आणि पातळ, लाल झालेली त्वचा घेऊन आपल्याकडे येते.

आहारात लवणाचा अतियोग टाळण्यास सांगावे. वळ्या व पालित्य लवकर येण्याचे ते एक कारण आहे. मात्र सुकट-कैरी बंद करा म्हणणारा वैद्य खारदांड्यात टिकणार नाही. मासळी दोनदा धुऊन मीठ उतरवावे, वरून मीठ घालू नये आणि सोबत कोकमाचे सार असावे.

मासळी साफ करणाऱ्या हातांवर काट्यांच्या जखमा असतात, बोटांच्या बेचक्यांत पाण्याने कुजलेली त्वचा असते. अशा हातांना घरगुती लेप लावू देऊ नये. ते धुऊन कोरडे ठेवावेत, आणि काटा लागून बोट सुजले, ठणकू लागले किंवा लाली वर चढू लागली, तर त्याच दिवशी रुग्णास बोलावून घ्यावे.