सात सीटर गाडी घेताना: डिझेल की पेट्रोल?

काय करावे

१. गेल्या सहा महिन्यांत सध्याची गाडी किती फिरली ते मीटरवरून काढा. निवडीचा पहिला आकडा हाच.

२. फिरणे महिन्याला १,५०० किलोमीटरच्या वर आणि बरेचसे हायवेवर असेल, तरच डिझेलचा विचार करा.

३. फिरणे १,००० किलोमीटरच्या आत आणि बहुतेक गावातल्या गावात असेल, तर सरळ पेट्रोल घ्या.

४. दोन्ही गाड्यांच्या सारख्याच व्हेरिअंटची ऑन रोड किंमत लेखी मागा.

५. डिझेलसाठी मोजावे लागणारे जादा पैसे किलोमीटरमागच्या बचतीने भागा. दीड लाख जादा आणि बचत ३ रुपये असेल, तर पैसे वसूल व्हायला ५०,००० किलोमीटर लागतात.

६. हे किलोमीटर वर्षांत मोजा. महिन्याला १,००० फिरणाऱ्याला चार वर्षांहून अधिक लागतील, ५०० फिरणाऱ्याला आठांहून अधिक.

७. रोड टॅक्स हिशेबात धरा. महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या खासगी पेट्रोल गाडीला १२ टक्के, डिझेलला १४ टक्के.

८. गाडीची लांबी आणि सीसी विचारा. सप्टेंबर २०२५पासून ४ मीटरच्या आतल्या, १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १,५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाडीला १८ टक्के जीएसटी, त्यावरच्यांना ४०.

९. टेस्ट ड्राइव्हला घरच्या सगळ्यांना न्या, एसी चालू ठेवा आणि गाडी चढावर घाला. एकट्याने सपाट रस्त्यावर चालवून इंजिन कळत नाही.

१०. नेहमीचा रस्ता कसारा, आंबोली किंवा ताम्हिणीचा असेल तर डिझेलबरोबर टर्बो पेट्रोलही चालवून पाहा. भरल्या गाडीला कमी आरपीएमवर ओढ लागते.

११. मागच्या रांगेत स्वतः बसा. आवाज आणि थरथर तिथल्या माणसाला सोसायची असते.

१२. रोजचा रस्ता सिग्नल आणि कोंडीचा असेल तर पेट्रोल हायब्रिडही हिशेबात घ्या. रखडत चालताना बॅटरी इंधन वाचवते.

१३. बीएस-६ डिझेल घेतल्यास आठवड्यातून एकदा तरी वीस-तीस मिनिटे मोकळ्या रस्त्यावर सलग चालवा. डीपीएफमधली, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमधली काजळी तेव्हाच जळते.

१४. गाडीला अ‍ॅडब्लू (डिझेलचा धूर स्वच्छ करणारे युरियाचे द्रावण) लागते का, किती लागते आणि आपल्या भागात कुठे मिळते ते आधी विचारा.

१५. जवळचे सर्व्हिस सेंटर किती लांब आहे ते पाहा. डिझेलचे इंजेक्टर आणि पंप दुरुस्त करणारा प्रत्येक तालुक्याला नसतो.

१६. जुनी पेट्रोल गाडी ई-२० इंधनाला चालते का ते मॅन्युअलमध्ये पाहा. पंपावर आता बहुतेक ठिकाणी २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते.

१७. जुनी डिझेल गाडी इंजिन थंड असताना सुरू करून पाहा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे.

१८. जुन्या गाडीचा सर्व्हिस रेकॉर्ड, कर्जाचा बोजा आणि कर भरल्याची नोंद स्वतः तपासा.

१९. बदलीची नोकरी असेल तर दिल्ली परिसरातला ताजा नियम वाचा. तिथे २०१५च्या आदेशाने डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षांची मुदत घातली गेली.

२०. विम्याचे कोटेशन दोन्ही गाड्यांचे घ्या. थर्ड पार्टीचा हप्ता सीसीवर ठरतो, स्वतःच्या गाडीचा विमा तिच्या किमतीवर.

काय टाळावे

१. गणपती आणि मे महिन्यात कोकणात जातो म्हणून डिझेल घेऊ नका. गाडी वर्षभर जिथे फिरते त्यावर निवड करा.

२. “डिझेल स्वस्तच असते” हे गृहीत धरू नका. डिझेलचे दर ऑक्टोबर २०१४मध्येच सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले.

३. शाळा, मंडई आणि स्टेशन एवढ्याच फेऱ्या असतील तर डिझेल घेऊ नका. दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत डीपीएफ चोंदतो.

४. एकाचे बेस मॉडेल आणि दुसऱ्याचे टॉप मॉडेल अशी तुलना करू नका.

५. ब्रोशरमधले अ‍ॅव्हरेज हिशेबात घालू नका. ती चाचणी प्रयोगशाळेतली असते, त्यात ट्रॅफिक नसते.

६. मासिक हप्त्यातला फरक पाहून निर्णय घेऊ नका. मुदत वाढवली की हप्ता लहान दिसतो आणि व्याज वाढते.

७. टॅक्स वाचवायला गाडी कंपनीच्या नावावर घेण्याचा बेत हिशेबाशिवाय करू नका. महाराष्ट्रात तिथे रोड टॅक्सच जास्त बसतो.

८. मारुतीच्या शोरूममध्ये नवी डिझेल एर्टिगा मागू नका. कंपनीने एप्रिल २०२०मध्ये डिझेल बंद केले.

९. रोज सात माणसे आणि सामान घेऊन घाट चढायचा असेल तर १ लिटरच्या साध्या पेट्रोल इंजिनावर विसंबू नका.

१०. नव्या गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवू नका. वॉरंटी अडचणीत येते आणि सामानाची जागा टाकी खाते.

११. डीपीएफचा दिवा लागला की इंजिन बंद करू नका. मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे दिवा जाईपर्यंत मोकळ्या रस्त्यावर चालवा.

१२. डीपीएफ काढून टाकण्याचा गॅरेजचा सल्ला ऐकू नका. ते बेकायदा आहे आणि वॉरंटीही जाते.

१३. अ‍ॅडब्लूची टाकी रिकामी होऊ देऊ नका. संपल्यावर बंद केलेली गाडी पुन्हा सुरू होत नाही.

१४. अ‍ॅडब्लूच्या जागी पाणी किंवा घरी कालवलेला युरिया ओतू नका. पुढची दुरुस्ती बचतीच्या कित्येक पट महाग पडते.

१५. डिझेल गाडीत चुकून पेट्रोल पडले तर स्टार्टर मारू नका. आधी टाकी रिकामी करून घ्या, नाहीतर पंप आणि इंजेक्टर जातील.

१६. जुन्या डिझेल गाडीचे मीटर खरे मानू नका; ब्रेक पेडल, स्टिअरिंग आणि सीटची झीज पाहा.

१७. पिवळ्या पाटीची पांढऱ्या पाटीवर आणलेली गाडी चौकशीशिवाय घेऊ नका. तिचे फिरणे घरच्या गाडीच्या अनेक पट असते.

१८. पंधरा वर्षांच्या जवळ आलेली डिझेल गाडी स्वस्त मिळाली म्हणून उचलू नका. पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर तुमच्या माथी येतो.

१९. पुढे विकताना भाव येईल म्हणून डिझेल घेऊ नका; नियम कधी बदलतील हे तुमच्या हातात नाही.

२०. “सूट आजच्यापुरतीच” म्हणणाऱ्या सेल्समनला तिथेच टोकन देऊ नका. घरी येऊन कागदावर हिशेब मांडा.

हिशेब बरोबरीत सुटला तर पेट्रोल घ्या. त्या गाडीला डीपीएफमधली काजळी जाळायला मुद्दाम हायवे गाठावा लागत नाही.