जळालेला ग्रंथपट व न आलेले पत्र

शास्त्रभाग : यिर्मया ३६ व ४५, हबक्कूक २:१-४



महाराष्ट्राबाहेर राहून मराठीत लेखन करणाऱ्या एका ख्रिस्ती भगिनीचे पत्र गेल्या पावसाळ्यात मला आले. स्तोत्रसंहितेतील पहिल्या एक्केचाळीस स्तोत्रांवरील मननांचे हस्तलिखित त्यांनी एका प्रकाशन संस्थेकडे पाठविले होते. पोच आली, त्यानंतर अकरा महिने एक ओळही नाही. पत्राच्या शेवटी त्यांनी विचारले होते, "ताई, हे लिहिण्याची प्रेरणा प्रभूने दिली असे मी समजत होते. माझा समज चुकीचा होता काय?"

त्यांच्या नगरात मराठी पुस्तकांचे दुकान नाही. मराठी उपासना महिन्यातून एकदाच होते. ज्यांना हस्तलिखित दाखवून 'कसे वाटते?' असे विचारावे, अशी माणसे दोन किंवा तीन. अशा एकाकी लेखकाला प्रकाशकाचे मौन फार मोठ्याने ऐकू येते. मी त्यांना धीराची चार वाक्ये लिहून पाठविली खरी, परंतु त्या वाक्यांनी माझेच समाधान झाले नाही. कारण त्यांचा प्रश्न एके काळी माझाही होता. म्हणून शास्त्रात ज्या लेखनाला सर्वांत कठोर नकार मिळाला, त्याचा वृत्तांत मी पुन्हा उघडला.

यिर्मयाचा छत्तिसावा अध्याय आपण बहुधा राजाच्या कठीण अंतःकरणाविषयी ऐकतो. आज तो लिहिणाऱ्यांच्या बाजूने वाचू या. यहोयाकीम राजाच्या चौथ्या वर्षी, म्हणजे इ. स. पू. ६०५ च्या सुमारास, परमेश्वराने यिर्मयाला आजवर मिळालेली सर्व वचने ग्रंथपटात लिहून काढण्याची आज्ञा केली. पंचविसाव्या अध्यायावरून दिसते की, तोवर त्याच्या सेवेला तेवीस वर्षे झाली होती. यिर्मया सांगत गेला, बारूख लिहीत गेला. यिर्मयाला मंदिरात जाण्यास प्रतिबंध होता, म्हणून लोकांसमोर वाचण्याचे कामही बारूखाकडेच आले. उपासाच्या दिवशी वाच, असे त्याला सांगण्यात आले (व. ६). तो उपास पाचव्या वर्षाच्या नवव्या महिन्यात आला (व. ९). या मधल्या महिन्यांविषयी शास्त्र काहीच बोलत नाही. तेवीस वर्षांचे श्रम एका पटात गुंडाळलेले, आणि ते ऐकणारा कोणी नाही!

उपासाचा दिवस आला, तेव्हा पट एकाच दिवशी तीन वेळा वाचला गेला : प्रथम मंदिरात लोकांपुढे, नंतर चिटणिसाच्या खोलीत सरदारांपुढे आणि शेवटी राजापुढे. सरदारांनी बारूखाला विचारले, 'तू हे कसे लिहिलेस?' त्याचे उत्तर अगदी साधे आहे : तो तोंडाने सांगत गेला व मी शाईने लिहीत गेलो. 'शाई' हा शब्द इब्री जुन्या करारात या एकाच ठिकाणी आढळतो. भाषांतर करताना या वचनापाशी मी नेहमी थोडी थांबते. एवढ्या मोठ्या शास्त्रात शाईचे नाव एकदाच यावे, आणि ते एका लेखनिकाच्या तोंडून!

मग पट चिटणिसाच्या खोलीत ठेवून ते राजाकडे गेले. आजच्या भाषेत सांगायचे तर हस्तलिखित कार्यालयाच्या कपाटात गेले. पुढे काय झाले ते आपणांस ठाऊक आहे. हिवाळ्याचे दिवस होते, राजापुढे शेगडी पेटलेली होती. तीन-चार रकाने वाचून झाले की तो तेवढा भाग कापी आणि विस्तवात टाकी. कापण्यासाठी त्याने जो चाकू घेतला, तो लेखनिकाचा चाकू होता, असे मूळ शब्द सांगतात. म्हणजे लेखणी तासण्याचे हत्यार. मूळात आणखी एक गोष्ट आहे, जी मराठीत आणता येत नाही. मी पुष्कळ प्रयत्न करून पाहिला, साधले नाही. इब्रीत 'वाचणे' आणि 'फाडणे' ही क्रियापदे कानाला जवळजवळ सारखी लागतात. फरक केवळ शेवटच्या अक्षराचा. एक जण वाचतो आहे आणि दुसरा फाडतो आहे. लगेच पुढच्या वचनात तेच 'फाडणे' पुन्हा येते : हे ऐकून कोणी आपली वस्त्रे फाडली नाहीत. याच राजाचा बाप योशीया याच्यापुढे सुमारे अठरा वर्षांपूर्वी नियमशास्त्राचा ग्रंथ वाचला गेला, तेव्हा त्याने आपली वस्त्रे फाडली होती (२ राजे २२:११). बापाने वस्त्रे फाडली, मुलाने ग्रंथ फाडला.

परंतु मला सांगायचे आहे ते पंचविसाव्या वचनाविषयी. एलनाथान, दलाया व गमऱ्या यांनी राजाला विनविले की, हा पट जाळू नका. गमऱ्या हा त्या शाफानाचा मुलगा, ज्याने योशीयापुढे ग्रंथ वाचला होता. राजाने त्यांचे ऐकले नाही. बारूख त्या वेळी तेथे नव्हता, तो लपून बसला होता. आपल्या लेखनासाठी तीन माणसे राजाला विनवीत आहेत, हे त्या क्षणी त्याला ठाऊक असणे शक्य नव्हते. आपले हस्तलिखित ज्या कार्यालयात पडून आहे तेथेही एखादा गमऱ्या असू शकतो. समितीच्या बैठकीत त्याने आपली बाजू मांडली असेल आणि मतदानात तो हरला असेल. आपल्या हाती येते ती केवळ दोन ओळींची छापील चिठ्ठी; तिच्यात त्याचे नाव नसते.

त्यानंतर काय? यिर्मयाजवळ दुसरी प्रत नव्हती. परमेश्वराने सांगितले, दुसरा पट घे. बारूखाने पुन्हा शाई घेतली. पहिल्या पटातील सर्व वचने पुन्हा लिहिली गेली आणि तशाच प्रकारच्या आणखी पुष्कळ वचनांची त्यांत भर पडली (व. ३२). आज आपल्या हाती असलेल्या यिर्मयाच्या ग्रंथाचा मूळ गाभा या दुसऱ्या पटात असावा, असे पुष्कळ अभ्यासक मानतात.

हे सर्व बारूखाने हसतमुखाने केले असे कोणी समजू नये. पंचेचाळिसावा अध्याय अवघ्या पाच वचनांचा आहे. तो ग्रंथात मागे आला असला तरी त्याचा काळ तेच चौथे वर्ष, म्हणजे लेखनाच्या वेळचा. बारूख म्हणतो, मी कण्हून कण्हून थकलो, मला विसावा नाही. परमेश्वराचे उत्तर गोंजारणारे नाही. मी जे बांधले तेच पाडीत आहे, आणि तू स्वतःसाठी मोठाल्या गोष्टी शोधतोस काय? शोधू नको. मात्र जेथे जाशील तेथे तुझा जीव मी राखीन. मानाचे पद नाही, ग्रंथावर नाव नाही. एक जीव राखण्याचे अभिवचन, एवढेच. हा अध्याय मला अनेक वर्षे निष्ठुर वाटत असे.

आता तसा वाटत नाही, आणि त्याचे कारण सांगणे मला थोडे अवघड जाते. पूर्वी याकोबाच्या पत्रावरील माझे एक लहान विवरण एका प्रकाशन संस्थेकडे चौदा महिने होते. पोस्टमन दिसला की मी दारात जाई. भाषांतराचे काम समितीच्या बैठकी ठरलेल्या असल्याने चालू राहिले. पण स्वतःचे म्हणून एक पानही मी त्या काळात लिहिले नाही. शेवटी हस्तलिखित परत आले. त्या नकाराने माझे फारसे नुकसान झाले नाही, पण ते चौदा महिने गेले ते गेलेच. त्याहून वाईट गोष्ट पुढेच आहे. त्याच काळात एका वृद्ध सुवार्तिकांच्या आठवणींचे हस्तलिखित अभिप्रायासाठी माझ्याकडे आले होते. ते माझ्या कपाटात आठ महिने राहिले. मी प्रकाशकाच्या नावाने कुरकुर करीत होते, आणि एक म्हातारा मनुष्य माझ्या पत्राची वाट पाहत होता. त्यांचे पोस्टकार्ड आले त्यात तक्रार नव्हती. पावसात शाई फुटली असल्यास दुसरी प्रत पाठवितो, एवढेच त्यांनी लिहिले होते. मी त्या रात्री बसून अभिप्राय पुरा केला. तेव्हापासून आलेले हस्तलिखित मी कपाटात ठेवीत नाही, टेबलावर ठेवते.

येथे एक सावधगिरीची सूचना. अशा प्रसंगी पुष्कळ जण हबक्कूक २:३ आपल्या हस्तलिखिताला लावतात : विलंब लागला तरी वाट पाहा, ते येईलच. मूळात येथे दोन वेगळी क्रियापदे आहेत. एक रेंगाळण्याचे, दुसरे वेळ चुकण्याचे. दृष्टान्त आपल्याला रेंगाळल्यासारखा वाटेल, पण नेमलेली वेळ तो चुकणार नाही, असा अर्थ. परंतु हे अभिवचन परमेश्वराने दाखविलेल्या दृष्टान्ताविषयी आहे, माझ्या पुस्तकाविषयी नाही. माझे पुस्तक निघेलच असे शास्त्रात कोठेही लिहिलेले नाही. हे स्पष्ट सांगितले पाहिजे, नाही तर प्रकाशकाचा नकार आला म्हणजे विश्वासालाच धक्का बसतो.

उलट चूकही तितकीच मोठी आहे, आणि त्या भगिनी तीच करीत होत्या. यरुशलेम पडल्यावर उरलेल्या लोकांनी यिर्मयाला विचारले, आम्ही कोठे जावे? परमेश्वराचे उत्तर दहा दिवसांनी आले (४२:७). भयाने ग्रासलेले लोक दाराशी बसलेले असताना दहा दिवस गप्प राहणे सोपे नव्हते. तरीही संदेष्ट्याने ती रिकामी जागा स्वतःच्या उत्तराने भरली नाही. आपण मात्र प्रकाशकाचे मौन घेतो आणि त्यात 'प्रभूला हे नको होते' असे वाक्य आपल्याच हाताने लिहून टाकतो. अकरा महिने पत्र आले नाही, याचा अर्थ अकरा महिने पत्र आले नाही, इतकाच.

पत्र का येत नाही, याची कारणे बहुधा साधी असतात. आपल्या पुष्कळ ख्रिस्ती संस्थांत संपादक एकच, तोच मुद्रिते तपासतो, तोच हिशेब पाहतो. अभिप्राय देणारे माझ्यासारखे, घरची कामे सांभाळून वाचणारे. मराठी ख्रिस्ती वाचक थोडे आणि विखुरलेले, त्यामुळे पुस्तक चांगले असले तरी छपाईचा खर्च उभा राहीपर्यंत ते थांबते. हे ध्यानात घेऊन सांगितलेली मुदत संपल्यावर एक लहानसे, सभ्य पत्र लिहावे. तरीही उत्तर नाही तर हस्तलिखित परत घेत असल्याचे लेखी कळवून दुसरीकडे पाठवावे. त्यात अविश्वास नाही. हबक्कूक बुरुजावर उभा राहिला तो आपली तक्रार मांडूनच. आणि प्रत जवळ ठेवावी! यिर्मयाची सोय परमेश्वराने केली. आपल्यासाठी झेरॉक्सची दुकाने आहेत.

काही वेळा वाट पाहण्याचा शेवट लिहिणाऱ्याच्या डोळ्यांना दिसतच नाही. पंडिता रमाबाईंनी इब्री व ग्रीक भाषांतून संपूर्ण पवित्र शास्त्र मराठीत आणण्यासाठी आपल्या आयुष्याची अखेरची वर्षे वेचली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूमध्ये निजल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे स्वतःचे मुद्रणालय होते, तरीसुद्धा.

त्या भगिनींना मी दुसरे पत्र लिहिले. त्यात धीराची वाक्ये घातली नाहीत. या अकरा महिन्यांत आपण काय लिहिले, एवढेच विचारले. पंधरा दिवसांनी उत्तर आले : अकरा महिन्यांत काहीच नाही, पण कालपासून बेचाळिसाव्या स्तोत्राला आरंभ केला आहे. हस्तलिखिताविषयी त्यांना अद्याप काही कळलेले नाही.