कापड उलटे करून पाहा : प्रदर्शनात खरा कारागीर कसा ओळखावा

दिवाळीपासून मार्चअखेरपर्यंत मुंबई-पुण्यापासून नागपूरपर्यंत मैदानांवर, सभागृहांत, मंगल कार्यालयांत हस्तकलेची प्रदर्शने व विक्री चालू असते. आमच्या व्यापारी बंधूंपैकी पुष्कळजण तिकडे फिरकतही नाहीत. ‘तो शौकीन लोकांचा बाजार, आपल्या दुकानाचा त्याच्याशी काय संबंध?’ असे त्यांचे म्हणणे असते. दुसरीकडे आपले कारागीर तिथे जातात, आठ-पंधरा दिवस स्टॉलवर बसतात आणि स्टॉलचे भाडेही सुटले नाही म्हणत गाठोडे उचलून परत येतात. या दोघांची गाठ का पडत नाही, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे. सुरुवात आमच्या स्वतःच्या फजितीपासून करतो.

काही वर्षांपूर्वी पुण्यातील अशाच एका प्रदर्शनात आम्ही हिमरूची शाल घेतली. स्टॉलवर मोठ्या अक्षरांत पाटी होती : ‘औरंगाबादी हिमरू, अस्सल हातमाग’. विकणारा तरुण आपल्यातलाच, बोलायला गोड. सलाम-दुआ झाली, आम्ही भावात घासाघीसही केली नाही. पुढे कामानिमित्त औरंगाबादला (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) जाणे झाले, तेव्हा ती शाल मोठ्या कौतुकाने एका वयस्क विणकराला दाखवली. त्यांनी नक्षीकडे पाहिलेसुद्धा नाही. ‘उलटा करके देखो, भाई,’ एवढेच म्हणाले आणि शाल पालथी करून गुडघ्यावर पसरली.

काठाला आडव्या धाग्यांची टोके ओळीने कापलेली होती आणि ती सुटू नयेत म्हणून वेगळ्या दोऱ्याने बांधून टाकलेली होती. हातमागावर धोटा उजवीकडून डावीकडे जातो आणि तोच धागा घेऊन परत येतो. म्हणून काठाला धागा वळलेला दिसतो, कापलेला नाही. धोट्याशिवाय चालणाऱ्या नव्या यंत्रमागावर मात्र प्रत्येक फेरीचा धागा काठाला कापला जातो. मग त्यांनी एक धागा ओढून काडीपेटी लावली. धागा वितळला आणि त्याची टणक काळी गोळी झाली. रेशीम असते तर केस जळाल्याचा वास येऊन राख झाली असती, बोटाने चुरगळता आली असती. म्हणजे माग यंत्राचा, रेशीम पॉलिएस्टरचे. पाटीवरील दोन शब्दांपैकी एकही खरा नव्हता.

विणकर रागावले नाहीत, याचेच आम्हाला जास्त वाईट वाटले. ‘कपडा बुरा नहीं है,’ ते म्हणाले, ‘पण माझ्या हाताच्या नावावर विकला.’ (ती शाल आमच्या घरी थंडीत चांगली चालते, हेही कबूल केले पाहिजे.)

नाव काय सांगते?

हिमरूचा इतिहास पाहिला तर या गोष्टीला एक वेगळाच अर्थ येतो. किनखाब हे सोन्या-चांदीच्या जरीचे रेशमी कापड. ते बादशहा व अमीर-उमरावांना परवडणारे. त्याच्यासारखी नक्षी, पण जरीऐवजी रेशीम आणि खाली सुती ताणा, अशी युक्ती करून जे कापड विणले गेले ते हिमरू. फारसीतील ‘हम’ म्हणजे सारखा, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला आणली तेव्हा विणकरही सोबत आले, अशी परंपरा या शहरात सांगितली जाते. ते कसेही असो. मुद्दा असा की हिमरू ही मुळात नक्कलच आहे, पण ती करणाऱ्यांनी नावातच सांगून टाकले की हे किनखाब नव्हे, त्याच्यासारखे आहे.

मश्रूचेही तसेच. पुरुषांनी शुद्ध रेशीम अंगाला लावू नये, म्हणून कारागिरांनी ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा घेतला. वरच्या बाजूला रेशमाची चमक दिसते, अंगाला मात्र सूत लागते. त्याला नाव दिले मश्रू, म्हणजे शरीअतीने मान्य असलेले. आपल्या जुन्या कारागिरांना मालाचे नाव आणि मालाची खरी बनावट एकमेकांना जुळवून ठेवण्याची एवढी फिकीर होती. आज त्याच शहराच्या नावाने दुसरीकडच्या यंत्रमागाचा माल ‘अस्सल’ म्हणून विकला जातो, आणि विकणाऱ्यांत आपलेच लोक कमी नाहीत. यंत्रमागाचा माल विकणे वाईट नाही. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील हजारो घरे त्यावर चालतात आणि ती हलाल रोजी आहे. पण यंत्राच्या मालावर हाताचे नाव लावले की यंत्राचा भाव हाताच्या कामाचा भाव ठरतो. गिऱ्हाईक म्हणते, ‘पलीकडे तर हेच निम्म्यात मिळते.’ यापुढे विणकराला बोलायला काही उरत नाही. हिमरू हाताने विणणारी घरे आता बोटांवर मोजण्याइतकी राहिली आहेत, त्यामागे हेही एक कारण आहे.

परीक्षा कशी करावी?

तेव्हापासून आम्ही कोणत्याही स्टॉलवर माल आधी उलटा करून पाहतो. कापडाचे आणखी एक लक्षण लक्षात ठेवण्यासारखे आहे. हातमागावर कापड आडवे ताणून धरण्यासाठी टोकदार खिळ्यांची पट्टी दोन्ही काठांत रोवतात. तिची बारीक भोके काठाजवळ पुष्कळदा दिसतात. गिऱ्हाईक ती खोट समजून भाव पाडून मागते! खरे तर ती माणसाच्या हाताची निशाणी आहे.

पैठणीला कसोटी सोपी आहे. खऱ्या हातविणीच्या पैठणीत पदरावरचा मोर किंवा कमळ प्रत्येक रंगाचा धागा वेगवेगळा गुंतवून विणतात, त्यामुळे उलटी व सुलटी बाजू जवळजवळ सारखी दिसते. मागे लांबलांब मोकळे धागे लोंबत असतील तर ती जेकार्डची. हिमरूला मात्र ही कसोटी लावू नये. त्याच्या विणीत जादा बाण्याचे धागे मागे मोकळे राहतातच, आणि त्यामुळेच कापडाला ऊब व मऊपणा येतो. एका हुन्नराची कसोटी दुसऱ्याला लावून चांगल्या कारागिराला खोटा ठरवणारे जाणकारही आम्ही पाहिले आहेत.

अजरख हल्ली प्रत्येक प्रदर्शनात दिसते. हे कच्छच्या खत्री कारागिरांचे काम. हिरड्याच्या पाण्यात कापड भिजवायचे, चुना व डिंकाने नक्षी झाकायची, गंजलेले लोखंड व गूळ आंबवून काळा रंग करायचा, तुरटी, मग निळीचे पिंप, मग मंजिष्ठेचा लाल रंग, आणि मधूनमधून धुलाई व ऊन. २००१ च्या भूकंपानंतर धमडक्यातील बरीच घरे नव्या जागी गेली आणि अजरखपूर वसले. तिथले कारागीर इस्माईल मोहम्मद खत्री यांना २००३ मध्ये इंग्लंडच्या डी मॉन्टफोर्ट विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. स्क्रीनवर छापलेल्या नकली अजरखीची पाठ फिकी असते आणि नक्षी सगळीकडे एकाच मापाची. खरे कापड निळीत बुडालेले असते, म्हणून रंग पाठीपर्यंत जातो, आणि लाकडी ठशाचे सांधे कुठेतरी केसभर सरकलेले सापडतात.

बिदरीबद्दल थोडक्यात सांगतो. जस्त व तांब्याच्या मिश्रधातूवर चांदी ठोकून बसवतात, मग बिदरच्या किल्ल्यातील माती व नवसागर यांच्या पाण्याने धातू काळा होतो आणि चांदी पांढरी राहते. लोहचुंबक चिकटला तर ते बिदरी नव्हे. खालची बाजू, कडा बघावी. रंग फासलेला माल तिथे उघडा पडतो. या कामासाठी बिदरचे शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

राहिली लेबले. सिल्क मार्क (२००४ पासून) फक्त रेशीम शुद्ध असल्याचे सांगतो, ते हातमागावर विणल्याचे नाही. त्यासाठी हँडलूम मार्क आहे, तो २००६ पासूनचा. भौगोलिक नोंदणी, उदाहरणार्थ पैठणीची २०१० ची, त्या नावावर त्या भागातील उत्पादकांचा हक्क सांगते. गिऱ्हाईक तिन्ही एकच समजते आणि काही विक्रेते तसे समजू देतात.

मात्र सर्वांत चांगली परीक्षा प्रश्नांची आहे. ‘हा तुकडा किती दिवसांत झाला? कांड्या कोण भरते? यातले काय बिघडू शकते?’ विकत घेऊन विकणारा म्हणतो, ‘साहेब, एक नंबर माल आहे.’ विणणारा म्हणतो, ‘इथे एक धागा तुटला होता, पाहा, जोडलाय.’ दिल्ली हाट १९९४ मध्ये सुरू झाला तो कारागिरांनी आळीपाळीने पंधरवडाभर स्वतः बसून माल विकावा या कल्पनेने. पण कित्येक प्रदर्शनांत ओळखपत्र कारागिराचे आणि गल्ल्यावर व्यापारी, असे घडते. कारागीर बंधूंनी दोन-चार हजारांसाठी आपले ओळखपत्र कोणाच्या हाती देऊ नये. त्या स्टॉलवर उद्या विकला जाणारा यंत्राचा माल तुमच्याच नावावर जातो.

व्यापारी आणि कारागीर यांचा हिशेब

दुकानदाराने प्रदर्शनात एकदोन नग घेऊन थांबू नये. कारागिराचा पत्ता घ्यावा, जमल्यास घरी जाऊन माग पाहावा. आपल्याकडे सवय अशी की माल जांगड घ्यायचा, विकला गेला तर पैसे, नाही तर सहा महिन्यांनी घड्या मोडलेला माल परत. कपड्याच्या गिरणीला हे चालत असेल; ज्याचे सारे भांडवल चार शालींत अडकले आहे त्याचा माग याने बंद पडतो. पाच नग घ्या, पण रोखीने घ्या, आणि मागणीच्या मालावर सुताचे पैसे आगाऊ द्या. खाली चिठ्ठी लावा : कोणी विणले, कुठे विणले, रेशीम खरे की कृत्रिम. कृत्रिम रेशमाचे हिमरू हाताने विणणारेही आहेत. त्यांनी तसे सांगितले तर त्यात कमीपणा काहीच नाही.

कारागिरांचे चुकते ते भाव काढण्यात. एका विणकराशी बसून आम्ही हिशेब मांडला. आकडे समजण्यापुरते धरले होते. सूत व रेशीम १,१०० रुपये. विणायला १० दिवस, ६०० रुपये रोजाने ६,०००. मागाची दुरुस्ती, भाडे, वीज ४००. बेरीज ७,५००. ते म्हणाले, ‘पण मी तर साडेपाचला देतो.’ मग विचारले, कांड्या कोण भरते? बायको, तीन दिवस. तिचा रोज ३०० धरला तरी ९०० झाले, ते आजवर कधी धरलेच नव्हते. आता ८,४००. प्रदर्शनाचे भाडे, प्रवास, राहणे मिळून ९,००० आणि विकले गेले १५ नग, म्हणजे नगामागे आणखी ६००. पूर्ण ९,००० रुपयांची वस्तू ते साडेपाच हजारांना देत होते आणि नफा झाला असे समजत होते. आतून त्यांची पत्नी हसली आणि म्हणाली, ‘माझे नऊशे लिहून ठेवा.’

एक सावधगिरी सांगायला हवी. दुकानदाराला दिलेला भाव आणि प्रदर्शनात गिऱ्हाइकाला सांगायचा भाव एकच ठेवू नये. दुकानदार शालीवर आपले भाडे व नोकर चढवून विकतो. तुम्ही त्याच शहरात ती त्याच्या खरेदीच्या भावाने विकलीत तर पुढची मागणी येणार नाही. ज्यांना पूर्ण शाल परवडत नाही त्यांच्यासाठी त्याच विणीचे बटवे, उशांचे अभ्रे, पुस्तकाची वेष्टने ठेवावीत. पक्के बिल द्यावे. परराज्यातील प्रदर्शनासाठी जी.एस.टी.ची तात्पुरती नोंदणी लागते. यादीतील हस्तकला माल विकणाऱ्या छोट्या कारागिरांना उलाढालीच्या मर्यादेत सूट आहे, तरी पॅन व ई-वे बिल लागते. आपला माल त्या यादीत येतो का, हे निघण्यापूर्वी हिशेबनिसाला विचारून घ्यावे.

आमच्या त्या वयस्क विणकरांना आम्ही एक शाल सांगून आलो आहोत, सुताचे पैसे देऊन. रमजानपूर्वी देतो म्हणाले होते. मग निरोप आला की मनासारखा लाल रंग मिळाला नाही म्हणून थांबलो. त्यांच्या पत्नीने कांड्या भरून ठेवल्या आहेत. शाल अजून मागावर आहे.