अफरवतला जाण्यापूर्वी

चि. भाच्यास,

फेब्रुवारीत मित्रांबरोबर गुलमर्गला, अफरवत डोंगरावर स्की गस्तीच्या हद्दीबाहेरच्या उतारांवर स्कीइंगला जायचा तुझा बेत आईकडून कळला. सह्याद्रीतली तुझी चाल भक्कम आहे, पण तिथला निसरडा कातळ डोळ्यांना दिसतो. बर्फाचा धोका पोटात दडलेला असतो, म्हणून हे पत्र.

तिथल्या गोंडोला रोपवेचा दुसरा टप्पा माणसाला थेट सुमारे 3,950 मीटर उंचीवर सोडतो. गस्तीच्या हद्दीतले उतार हिमवृष्टीनंतर तपासून खुले होतात. हद्दीबाहेरची हमी कुणीच देत नाही. 1 फेब्रुवारी 2023 रोजी अफरवतच्या हापतखुड भागात हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीयर दगावले. 22 फेब्रुवारी 2024 रोजी गुलमर्गच्याच वरच्या उतारांवर एका रशियन स्कीयरचा जीव गेला. दोन्ही वेळा आदल्या काही दिवसांत जोरदार बर्फ पडला होता.

कडाक्याच्या निरभ्र रात्रींत बर्फाच्या तळाशी साखरेसारखे सुटे दाणे तयार होतात. त्यांवर नवा बर्फ साचतो, वारा तो दाबून घट्ट करतो आणि कमकुवत थरावर जड लादी बसते. एका माणसाच्या भाराने खालचा थर मोडतो, तडा क्षणात दूरवर पळतो आणि अख्खी लादी निसटते. हे बहुतांशी 30 ते 45 अंशांच्या उतारांवर घडते. स्कीयरना नेमके तेच उतार आवडतात. जीवघेण्या अपघातांत बहुतेकदा लादी सुटते तीही अडकलेल्यांच्या किंवा त्यांच्या सोबत्यांच्याच भाराने. नऊ जण सुखरूप उतरले तरी दहाव्याचा पाय लादीच्या पातळ जागी पडू शकतो.

बर्फ इशारे देतो. पायाखाली ‘धप्प’ असा दबका आवाज, स्कीपासून पळत जाणारी भेग, शेजारच्या उतारावरचे ताजे स्खलन, अचानक वाढलेली ऊब. यातले एकही दिसले, तरी परतायचे.

गाडला गेलेला माणूस बहुतेकदा गुदमरून जातो. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर जगण्याची आशा झपाट्याने घटते. एवढ्या वेळात बाहेरची मदत पोचत नाही. वाचवतात ते सोबतीच. म्हणून ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठाव घेणारे रेडिओ-यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडे प्रत्येकाकडे हवे, वापराचा सराव हवा, आणि संशयित उतार एकेकाने ओलांडायला हवा.

अनुभवावर विसंबू नये. 4 ऑक्टोबर 2022 रोजी उत्तराखंडात ‘द्रौपदी का डांडा-2’ शिखराजवळ नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी हिमस्खलनात सापडली. मृतांत प्रशिक्षणार्थींबरोबर प्रशिक्षक सविता कंसवालही होत्या. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी एव्हरेस्ट आणि मकालू सर केले होते.

चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण संशोधन संस्था हिमस्खलनाचा इशारा प्रसिद्ध करते. निघण्याआधी तो वाच. तो मोठ्या भागापुरता असतो, म्हणून उताराची स्थिती स्की गस्तीला विचार. मित्रांपैकी एकाकडे जरी ही साधने नसली, तर त्या दिवशी हद्दीतच स्कीइंग करा. एवढे माझे ऐक.

तुझा,
मामा