आशा धरली म्हणजे विश्वास कमी पडला का?

प्रश्न : आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले, चार वर्षांपूर्वी पालेगावला फ्लॅट घेऊन राहायला आलो. माझ्या यजमानांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत. आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. किडनीसाठी प्रतीक्षा यादीत नाव घातलंय. मागच्या महिन्यात घरी प्रार्थनेला आलेल्या एका बहिणीने मला बाजूला घेऊन सांगितलं, “देव बरं करणार यावर विश्वास असेल तर यादीची आशा कशाला धरता? आशा धरणं म्हणजे मनात शंका असणं. नाव काढून टाका.” तेव्हापासून मला झोप नाही. यजमानांना हे सांगितलेलं नाही. विश्वास आणि आशा एकमेकींच्या आड येतात का? माझाच विश्वास कमी पडतोय का?
एक भगिनी, पालेगाव, अंबरनाथ (पूर्व)

उत्तर : ताई, सलाम. बाकीचं सगळं नंतर, आधी हे : यादीतून नाव काढू नका आणि डायलिसिसची एकही पाळी चुकवू नका. त्या बहिणीने प्रेमापोटीच सांगितलं असेल, पण सांगितलं ते चूक आहे आणि जिवावर बेतणारं आहे.

आता तुमचा प्रश्न. आपल्या भाषेकडे जरा बघा. आपण विश्वास ‘ठेवतो’ आणि आशा ‘धरतो’. ठेवलेली वस्तू हातातून सुटते, दुसऱ्याच्या ताब्यात जाते. विश्वास तसाच कोणावर तरी ठेवायचा असतो आणि ठेवला की हात मोकळे होतात. आशेचं तसं नाही. ती आपल्याच मुठीत असते, म्हणून तिचे वळ हाताला उठतात. जुन्या कराराच्या हिब्रू भाषेत आशेला ‘तिक्वा’ म्हणतात आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ आहे दोरी. यरीहोच्या राहाबेने खिडकीला किरमिजी दोरी बांधली, त्या गोष्टीत हाच शब्द येतो. इस्राएलाच्या देवावर तिने विश्वास ठेवला होताच, तरी दोरी बांधायची ती बांधलीच. त्या दोरीला कोणी शंका म्हणत नाही.

आशा हा शब्द मराठीत थोडा बदनाम आहे, हेही खरं. आशाळभूत, वेडी आशा, आशेला लावणं असे शब्द आपण लहानपणापासून ऐकतो. आपल्या संतांनीही आशेला बेडी मानलं, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे हाव होती. मंडळीत आपण ज्या आशेबद्दल बोलतो ती हाव नव्हे. पौलाने तिला विश्वास आणि प्रीती यांच्या पंगतीला बसवलं आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात तर विश्वासाची ओळखच आशेच्या आधाराने करून दिली आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी 2007 साली आशेवर एक परिपत्र लिहिलं. बायबलमध्ये कितीतरी ठिकाणी या दोन शब्दांची अदलाबदल करता येईल इतके ते जवळचे आहेत, असं त्यांनी त्यात दाखवलं. तुमच्या घरी आलेल्या बहिणीने ज्यांना वैरी ठरवलं, त्या सख्ख्या बहिणी आहेत.

मग फरक काहीच नाही का? आहे, आणि तो मला पंडिता रमाबाईंच्या शेवटच्या वर्षात सगळ्यात स्वच्छ दिसतो. पती बिपिनबिहारी 1882 मध्ये गेले तेव्हा त्यांच्या पदरात तान्ही मनोरमा होती. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. केडगावचं मुक्ती सदन उभं राहिलं, दुष्काळातून आणलेल्या मुलींनी ते भरून गेलं आणि आपल्यामागे हे सगळं मनोरमा सांभाळेल ही रमाबाईंची आशा होती. त्यात वावगं काय होतं? एका आईने आपल्या कर्त्या लेकीबद्दल धरलेली आशा होती ती. जुलै 1921 मध्ये मनोरमा गेली. चाळिशीची होती.

त्या वेळी रमाबाईंच्या हाती बायबलचं मराठी भाषांतर होतं. बेताचं शिकलेल्या बाईलाही कळेल अशा भाषेत बायबल असावं, म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांचा अभ्यास केला होता. केडगावात छापखाना होता, खिळे जुळवायला मुक्तीतल्याच मुली होत्या. लेक गेल्यावर हे काम अर्धवट राहिलं असतं तरी त्यांना कोणी नावं ठेवली नसती. त्यांनी ते पुरं केलं आणि 5 एप्रिल 1922 रोजी डोळे मिटले.

मनोरमेबद्दलची त्यांची आशा तुटली, यात शंका नाही. ‘देवाचीच तशी योजना होती’ असं म्हणून मी तिच्यावर पांघरूण घालणार नाही. पण ज्याच्यावर विश्वास ठेवला होता तो जागचा हलला नव्हता, म्हणून एक दोरी तुटली तरी त्यांना दुसरी धरता आली. छापून झालेलं बायबल कोणा अनोळखी बाईच्या हाती पडेल, ही ती दुसरी आशा. ताई, मला कळलेला फरक एवढाच आहे. आशा अमुक एका गोष्टीची असते, म्हणून ती तुटूही शकते. विश्वास अमुक गोष्टीवर नसतो, अमुक एकावर असतो. तुमच्याकडे मात्र ‘किडनी यादीवाचूनच बरी होईल’ या गोष्टीलाच विश्वास म्हटलं गेलं. ती खरं तर एक आशाच आहे, फक्त तिला विश्वासाचा अंगरखा चढवलाय. त्यामुळे ती पुरी झाली नाही तर दोष तुमच्या माथी येतो. आजाऱ्याच्या घरावर असं ओझं टाकायचा अधिकार कोणालाही नाही.

विश्वास पुरेसा असला की आजार जातोच, असं म्हणणाऱ्यांना पौलाचं काय करायचं ते विचारा. शरीरातला काटा निघावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली, काटा राहिला. त्रफिम आजारी पडला तेव्हा पौलाने त्याला मिलेतात ठेवून पुढचा प्रवास केला. तीमथ्याच्या पोटाच्या दुखण्यावर त्याने थोडा द्राक्षारस घे असा घरगुती उपाय कळवला आणि त्याचा सोबती लूक तर वैद्यच होता. यांच्यापैकी कोणाला विश्वास कमी पडला म्हणायचं? गेथशेमाने बागेत खुद्द प्रभूने प्याला टळावा असं मागितलं आणि त्याच प्रार्थनेत स्वतःला पित्याच्या इच्छेवर सोपवलं. मागणं आणि सोपवणं तिथे एकाच श्वासात आहे. तुम्हीही तशीच प्रार्थना करा. “किडनी मिळू दे” हे स्पष्ट शब्दांत मागा, संकोचू नका. आणि शब्दच सुचत नसतील त्या रात्री 88वं स्तोत्र उघडा. ते अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची ओळ नाही. तरीही ते देवालाच उद्देशून आहे आणि मंडळीने ते शतकानुशतकं प्रार्थना म्हणून जपलं आहे.

त्या यादीबद्दलही एक सांगायचंय. ती मुंबईचं विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र सांभाळतं आणि तिच्यातून मिळणारी किडनी अशा घरातून येते, जिथे कोणाचा तरी मेंदू मृत झालेला असतो. आपल्या माणसासाठी रडता रडता ती माणसं संमतीपत्रावर सही करतात. त्यांचा धर्म कोणता, ती कोण, हे तुम्हाला कळणारही नाही. पौलाच्या पंगतीतली तिसरी, प्रीती, ती इथे बसलेली आहे. यादीत नाव असणं म्हणजे देवावर अविश्वास, असं मी कसं म्हणू? देव ज्या वाटांनी येतो त्यातली ही एक वाट असेल, तर तिच्यावर उभं राहायला नको का?

माझे वडील शेवटच्या आजारात होते तेव्हा मला कोणीतरी असंच म्हणालं होतं. मीही आईला सांगितलं नाही. बऱ्याच वर्षांनी कळलं की तिलाही तेच ऐकवलं गेलं होतं आणि तीही मला बोलली नव्हती. एकाच खोलीत आम्ही दोघींनी तो अपराध वेगवेगळा वाहिला. म्हणून विनंती करते, यजमानांना सांगून टाका. डायलिसिसच्या खुर्चीत चार तास बसणारा माणूस या दोन शब्दांबद्दल तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त जाणत असेल. आणि पाळकसाहेबांना घरी बोलवा, म्हणजे त्या बहिणीशी तेच बोलतील. तो भार तुमच्यावर नको.

एक साधी गोष्ट राहिली. समन्वयकाचा फोन कधीही, अगदी मध्यरात्रीही येऊ शकतो. रुग्णालयात दिलेले दोन्ही नंबर चालू आहेत ना, ते उद्या तपासा. पालेगावहून रात्री निघायचं तर कोणाची गाडी मिळेल, तेही आताच ठरवून ठेवा. मग झोपताना फोन चार्जिंगला लावा, दोघं मिळून प्रार्थना करा आणि झोपा.